हमामातली हाक

बर्फ पडून गेलं की उस्ता यदुल्लाचं पहिलं काम ठरलेलं असे. लाकडी फावडं काखेत मारायचं आणि हमामाच्या छपरावर चढायचं. घुमटाला जाड काचेची भिंगं बसवलेली होती, त्यांतून काय तो उजेड आत उतरायचा. वर बर्फ साचलं की आत भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नसे. त्या दिवशीही तो एकेक भिंग मोकळं करत होता, तेवढ्यात खालून नायबाची हाक आली.

"यदुल्ला, ए यदुल्ला! उतर खाली. तुझ्या हमामाचं नशीब उघडलंय."

हा नायब बहराम बेग, सर्वबागेवरच्या शिपायांचा म्होरक्या. सर्वबाग म्हणजे नतंझ गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेली शाहची बाग. चार-पाच वर्षांतून कधीतरी शाहची स्वारी शिकारीला यायची, तेवढ्यापुरती ती जागी व्हायची. एरवी सुरूची झाडं, एक पाट, एक कोठी आणि यदुल्लाचा हमाम. पण गेले चाळीस दिवस कोठीत मिर्झा इस्कंदर खान राहत होता. नायब त्याला शाहचा पाहुणा म्हणे. पाहुण्याला पळून जाता येऊ नये म्हणून बागेच्या चारही दारांवर बंदुका होत्या.

"तेहरानहून खिलत येतेय," नायब म्हणाला. "शाहनं मिर्झाला माफ केलं. उद्या दुपारपर्यंत स्वार पोचतात. हमाम तापव, आणि असा तापव की चाळीस दिवसांचा मळ लोण्यासारखा सुटला पाहिजे."

"अल्लाची मेहेर झाली!" यदुल्लाच्या हातातलं फावडं घरंगळत खाली गेलं.

"मेहेर नंतर. आधी लाकडं."

शाहने पाठवलेला मानाचा झगा मळक्या अंगावर चढवणं म्हणजे शाहच्याच तोंडावर थुंकणं. खिलत घ्यायची तर आधी हमाम, हा रिवाज तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. नायबाला तो ठाऊक होता, आणि नायबाच्या वर जे बसले होते त्यांना तर फारच चांगला ठाऊक होता.

हा मिर्झा म्हणजे खेचरं हाकणाऱ्याचा पोर. अकलेच्या जोरावर शाहचा वझीर झाला आणि चार वर्षं त्याने राज्यातल्या कुणाला म्हणून सुखाने झोपू दिलं नाही. शाळा काढली, लाचखाऊ सुभेदार घरी बसवले, दरबारातल्या आयतोबांचे तनखे तोडले. लोकांच्या नावापुढच्या हातभर पदव्यासुद्धा त्याने कापून टाकल्या. यापुढे कागदावर लिहायचं ते फक्त 'जनाब', मग तो शाहचा मामा का असेना. तनखा गेला तर माणूस एकवेळ गप्प बसेल, पण पदवी गेली की बसत नाही. शाहच्या मामांनी शाहचे कान भरायला सुरुवात केली आणि पोरसवदा शाहने शेवटी ते भरू दिले.

खरं सांगायचं तर यदुल्लानेही मिर्झाला आधी शिव्याच घातल्या होत्या. हमामाच्या हौदातलं पाणी दर आठवड्याला सोडून द्यायचं, असा मिर्झाचा हुकूम निघाला होता. यदुल्लाच्या बापाच्या काळी ते पाणी सहा-सहा महिने तसंच राहायचं. "पाणी म्हणजे काय उष्टं ताट आहे?" यदुल्ला करवादायचा. आणि मागे भट्टीत लाकडं सारणारा म्हातारा सफदर खालच्या आवाजात म्हणायचा, "हौदात कोण राहतं, ते मिर्झाला कुणी सांगितलेलं दिसत नाही."

कोण राहतं, त्यांचं नाव तिथे कुणी घेत नसे. नाव घेतलं की आलेच. म्हणून त्यांना सगळे 'आपल्याहून बरे' म्हणत. हे बरे लोक दिसायला माणसासारखेच, फक्त पायांना खूर. ओल्या, काळोख्या जागी राहतात, म्हणजे हमामात तर असायचेच. बिस्मिल्ला म्हटलं की जातात. न म्हणता भेटलेच तर मान खाली घालायची, तोंड मिटायचं, आणि काही झालं तरी कुणाला नावाने हाक मारायची नाही. त्यांच्या कानावर ज्याचं नाव पडेल त्याला ते घेऊन जातात. यदुल्लाच्या बापाने हे त्याला वस्तरा धरायला शिकवण्याच्याही आधी शिकवलं होतं.

मग एका वर्षी सरकारी माणूस देवी टोचायला आला. यदुल्लाने आपल्या लेकीला, तूतीला, लाकडांच्या ढिगाआड लपवलं, पण मिर्झाचा हुकूम कडक होता. पोरीला ओढून काढून टोचलं. यदुल्ला आठवडाभर जेवला नाही. त्याच उन्हाळ्यात देवीची साथ आली आणि खालच्या आळीतला प्रत्येक पाळणा रिकामा झाला. तूती राहिली. त्यानंतर यदुल्ला हौदातलं पाणी दर आठवड्याला स्वतःच्या हाताने सोडू लागला आणि मिर्झाचं नाव निघालं की छातीवर हात ठेवू लागला.

नायब गेल्यावर घटकाभराने हमामाच्या दारात माहलका खानुम आली. मिर्झाच्या या बायकोने चाळीस दिवस नवऱ्याला क्षणभर नजरेआड होऊ दिलं नव्हतं. ताटातला पहिला घास ती खायची, सुरईतला पहिला घोट ती घ्यायची. तिला ओलांडून मिर्झाला हात लावायचा तर तिलाही मारावं लागलं असतं आणि ती शाहच्या नात्यातली होती. तेवढं धाडस नायबाच्या वरच्यांत नव्हतं.

"उस्ता, मला आत येऊन बघू द्या," ती म्हणाली. बुरख्याच्या कडेवर बर्फ चिकटलं होतं.

यदुल्लाने तिला सगळं दाखवलं. कपडे काढायची ओसरी, मग वाकडा बोळ, मग गरम दालन आणि हौद. वाकड्या बोळामुळे बाहेरचा गारठा आत येत नसे आणि आतलं बाहेरून दिसत नसे.

"दुसरी वाट?"

"भट्टीकडून एक भोक आहे खानुम, पण ती माणसाची वाट नाही. सफदर राख काढायला रांगत येतो तेवढंच."

ती त्या काळ्या भोकाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने बुरख्याच्या आतून एक कागद काढला.

"हे खिलतीचं पत्र. वाचता येतं तुम्हाला?"

"नाही खानुम."

"मग ऐका. दौलतीचा खांब. राज्याचा पूर्णचंद्र. शाहच्या डोळ्यांची थंडाई. अशा नऊ पदव्या आहेत उस्ता, मोजल्यात मी. आणि शाह मिर्झांना काय लिहितात ठाऊक आहे? 'जनाब'. नुसतं 'जनाब'. आधी चेष्टेनं लिहायचे, मग सवयच लागली. हे पत्र शाहनं सांगितलेलं नाही."

यदुल्लाने विचारलं, "मिर्झांना हे…?"

"मिर्झा म्हणतात, शाहला आनंद झाला असेल, आनंदात माणूस जास्त लिहितो." ती हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. "राज्यातल्या प्रत्येक कागदातलं खोटं या माणसानं वास घेऊन ओळखलं हो. यातलं त्यांना दिसत नाही असं नाही. दिसतंय. पण चाळीस दिवस भिंतीकडे बघून बघून… त्यांना आता खरं नकोय, उस्ता. त्यांना खिलत हवीय."

"तुम्ही अडवा त्यांना."

"अडवलं. पाया पडले. काल पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले." तिने कागदाची घडी करून तो आत ठेवला. "बाईमाणसाला पुरुषांच्या हमामात पाऊल टाकता येत नाही. उद्या तेवढा वेळ मी त्यांच्याजवळ नसेन. तुम्ही असाल. आत परका माणूस दिसला, की एक हाक मारा. 'खानुम, धावा' एवढंच. मी बाहेर दाराला चिकटून उभी राहीन. मग मी रिवाजही बघणार नाही आणि शाहसुद्धा बघणार नाही. मी मध्ये उभी राहिले की ते हात उचलणार नाहीत. फक्त एक हाक, उस्ता."

"तूतीची शपथ," यदुल्ला म्हणाला. "घसा फुटेपर्यंत ओरडेन."

तिसऱ्या प्रहरी भट्टी चांगली पेटली. ओसरीला आतून कडी घालून यदुल्ला पाण्याचा अंदाज घ्यायला गरम दालनात शिरला. दिवा कोनाड्यात मिणमिणत होता. वाफ अजून पातळ होती. हौदाच्या पलीकडे, जिथे ओल कधीच सुकत नसे त्या कोपऱ्यात, एक म्हातारा बसलेला होता. कमरेची लाल लुंगी पार जमिनीवर लोळत होती.

"अहो बाबा, कुठून आलात? हमाम बंद आहे आज."

"बंद कुठाय, तापतोय की." म्हाताऱ्याचा आवाज ओल्या मडक्यातून यावा तसा होता. "पाणी चांगलं ठेवलंयस उस्ता. पूर्वी फार घाण असायचं."

भट्टीच्या भोकातून घुसला असेल कुणी खेडवळ, थंडीने गारठून, असं म्हणून यदुल्लाने वाडग्यात पाणी घेतलं आणि त्याच्या पाठीवर सोडलं. हातात घासणी चढवून दोन हात मारले. पाठीवरून मळाची एक वळीसुद्धा निघाली नाही. हाताखालची कातडी गार होती, अगदी विहिरीतल्या दगडासारखी.

"उस्ता," म्हातारा हळूच म्हणाला, "मिर्झाला सांग, उद्याचं पाणी गार आहे."

"काय?"

"गार आहे म्हणून सांग. भट्टी विझली म्हण. काहीही सांग… पण त्याला येऊ देऊ नकोस. भला माणूस आहे. कुठल्याही हमामात गेला तरी पहिला वाडगा आम्हाला ठेवतो…"

आम्हाला हा शब्द ऐकला आणि यदुल्लाची नजर आपोआप खाली गेली. लुंगीचा काठ पाण्याने जरा सरकला होता. त्याखाली दोन खूर होते, बकरीच्या खुरांसारखे, मधोमध चिरलेले.

"बिस्मिल्ला!" यदुल्ला किंचाळला. "बिस्मिल्ला, बिस्मिल्ला!"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर यदुल्लाला पुढे इतकं सोसावं लागलं नसतं. राग नव्हता, कळवळा होता.

"घाई केलीस रे…" एवढं ऐकू आलं आणि कोपऱ्यात नुसती ओल उरली.

यदुल्ला धडपडत भट्टीत सफदरकडे गेला. सगळं ऐकून सफदर आगीकडे बघत बसला.

"मिर्झानं त्यांचं पाणी उपसलं, दर आठवड्याला. ते विसरतील होय?"

"पण तो म्हणाला येऊ देऊ नकोस. भला माणूस आहे म्हणाला."

"म्हणणारच! शाहची खिलत नाकारली तर शाहच मिर्झाची मान उतरवील, त्यांना स्वतःला काही करायलाच नको. अरे येड्या, 'आपल्याहून बरे' म्हणतो म्हणून ते बरे असतात का?" सफदरने एक ओंडका आत ढकलला. "आता नीट ऐक. उद्या ते आत दिसलेच, तर मान खाली. तोंड शिवलेलं. कुणाला हाक मारलीस, तर त्या माणसाला घेऊन जातील."

"आणि खानुमला वचन दिलंय ते?"

"ते माणसांसाठी. माणूस दिसला तर ओरड ना, कोण नको म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हा बर्फ सुरू झालं. यदुल्ला फावडं घेऊन शिडीला लागला, तर नायबाने त्याला दंडाला धरून खाली ओढलं. "राहू दे ते. वेळ कुठाय? दिवा आहे ना आत?" त्यामुळे मिर्झा आत आला तेव्हा घुमटाची सगळी भिंगं आंधळी झाली होती आणि बाहेर दुपार असताना आत त्या एका दिव्यापुरतंच दिसत होतं.

मिर्झा केवढा वाळला होता! बरगड्या मोजून घ्याव्यात. पण चेहऱ्यावर पोरासारखी अधीरता होती. दगडावर बसल्या बसल्या त्याने पहिला वाडगा भरला आणि त्या ओल्या कोपऱ्यात नेऊन ठेवला.

"सलाम, मंडळी," तो म्हणाला.

यदुल्लाने त्या कोपऱ्याकडे पाहिलं. "मिर्झा, तुमचा यावर विश्वास आहे?"

"छे! पण असले तर तेही रयतच की. आणि माझ्याविरुद्ध त्यांची तक्रार आहे म्हणतात. मी त्यांचं पाणी उपसतो, त्यांना राहतं घर सोडायला लावतो. निदान सलाम तरी करावा माणसानं." तो हसला. मग पाठ यदुल्लाकडे करून म्हणाला, "घास उस्ता, जोरात घास. परत गेलो की आधी लशीचं काम हाती घेणार. दक्षिणेत अजून एकही गाव झालेलं नाही. दोन वर्षं मिळाली तरी पुरेत. मामालोकांना त्यांच्या पदव्या देऊन टाकतो पाहिजे तर. चंद्र म्हणवून घ्या, सूर्य म्हणवून घ्या… मला फक्त दोन वर्षं द्या."

"मिर्झा," यदुल्लाला राहवलं नाही, "खानुम म्हणत होत्या, ते पत्र…"

मिर्झाच्या पाठीचे स्नायू ताठ झाले. पाणी टपटपत होतं.

"ठाऊक आहे," तो शेवटी म्हणाला. "पण उस्ता, एखाद् वेळी खरंही असेल ना?"

कोरडी लुंगी आणतो म्हणून यदुल्ला बोळाच्या तोंडाशी असलेल्या कोठाराकडे वळला. लुंगी घेऊन परत फिरला आणि जागच्या जागी थिजला.

भट्टीकडच्या भोकातून, जिथून माणूस येत नाही तिथून, एकामागून एक चौघे उभे राहत होते. उंच, तोंडाला पांढरी फडकी गुंडाळलेली. खडावांचा आवाज नाही, पावलांचा आवाज नाही. गुडघ्यांच्या खाली दाट वाफ होती, त्यात त्यांचे पाय बुडाले होते.

यदुल्लाच्या मनात दुसरं काही आलंच नाही. त्याने मान खाली घातली. तोंड मिटलं. ओठ दातांखाली असे दाबले की रक्ताची चव लागली. हाक मारली तर खानुम ऐकेल, पण तिच्याआधी हे ऐकतील. खानुमला नेतील, मिर्झाला नेतील. गप्प राहायचं. गप्प राहिलं तर वाचेल तो. बापाने शिकवलं होतं तसं तो गप्प राहिला.

एकजण त्याच्या अगदी जवळून गेला. घोड्याच्या घामाचा आणि कच्च्या कांद्याचा भपकारा आला. तो वास त्याला आला होता. नंतर उरलेल्या जन्मात यदुल्लाला सर्वांत जास्त खाल्लं ते या गोष्टीने, की वास त्याला आला होता.

"उस्ता?" वाफेतून मिर्झाचा आवाज आला. "उस्ता, कोण आहेत हे?"

यदुल्लाने उत्तर दिलं नाही.

"उस्ता यदुल्ला…?"

मग काहीतरी दगडावर आपटल्यासारखं झालं. पाणी जोराने हिंदकळलं. कुणाच्या तरी तोंडावर ओलं कापड दाबल्यावर येतो तसा आवाज आला, आणि तो फार वेळ येत राहिला. यदुल्ला भिंतीला कपाळ टेकून मनातल्या मनात बिस्मिल्ला घोकत होता.

पायांना काहीतरी कोमट लागलं. मोरीकडे वाहणारं पाणी त्याच्या घोट्यांभोवतून जात होतं आणि दिव्याच्या उजेडात ते काळं दिसत होतं. तेवढ्यात त्या चौघांतला एक साबणावरून घसरला, धाडकन पडला आणि आईवरून एक सणसणीत शिवी हासडली.

"हळू रे गाढवा," दुसरा खेकसला. "वस्तरा दे इकडे. अजून एका हाताची नस राहिलीय."

यदुल्लाने डोळे उघडले. पडलेल्या माणसाचे पाय वाफेतून वर आले होते, त्यांना बांधलेलं जाड लोकरीचं फडकं सुटलं होतं. टाचांना भेगा होत्या. बोटं होती. एका पायाला पाच आणि दुसऱ्याला पाच.

त्याने तोंड उघडलं. छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या जिवानिशी ओरडला. पण घशातून जे आलं ते फुटक्या भात्यासारखं होतं, आणि त्यात 'खानुम' नव्हतं, 'धावा' नव्हतं. सवयीने जिभेवर जे होतं तेच बाहेर पडलं.

"बिस्मिल्ला…"

चौघेही तिथेच राहिले. बिस्मिल्लाने माणसं जात नाहीत. एकाने त्याच्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाला, "उस्ता, तू काही बघितलं नाहीस." मग ते हात धुऊन, आले तसे वाकून भट्टीच्या भोकातून निघून गेले.

मोरीचं पाणी बाहेर बागेच्या पाटाला मिळत असे. पांढऱ्या बर्फातून तो पाट लाल वाहत होता, ते सगळ्या शिपायांनी पाहिलं. खिलत घेऊन कुणीच आलं नाही. मिर्झा झटका येऊन गेला, असं नायबाने लिहून पाठवलं.

त्या दिवसानंतर यदुल्लाच्या घशातून शब्द फुटला नाही. बायकोने सब्जाचं पाणी पाजलं, मुल्लाने ताईत बांधला, कशाने काही झालं नाही. तूती त्याच्या मांडीवर बसून "बाबा, माझं नाव घ्या ना," म्हणायची आणि तो तिच्या केसांवरून नुसता हात फिरवत राही.

तिसऱ्या दिवशी मिर्झाची शवपेटी खेचरावर चढवली. निघताना माहलका खानुम यदुल्लाच्या दारात आली. यदुल्ला भिंतीला टेकून बसला होता. ती आता विचारणार, हाक का नाही मारलीत? तो त्याचीच वाट बघत होता. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच तो त्या तीन दिवसांत मेला नव्हता.

ती चौकटीत थांबली. तिच्या दोन्ही हातांना फडकी बांधली होती.

"उस्ता, आवाज गेला म्हणतात तुमचा. जाणारच." ती हळू बोलत होती. "मी ऐकली तुमची हाक. 'खानुम, धावा!' तीनदा. असं ओरडलात की छपरावरचं बर्फ खाली आलं. पण नायबानं दार बाहेरून साखळदंडानं बांधलं होतं हो. मी नखं तुटेपर्यंत ओढलं… हलेना. तुमचा यात काही दोष नाही. तुम्ही शब्द पाळलात."

यदुल्ला तिच्याकडे बघत राहिला.

"मिर्झांनीही ती ऐकली असेल. जाताना त्यांना एवढं कळलं असेल, की कुणीतरी ओरडतंय आपल्यासाठी. त्याच्यावरच मी आता जगणार आहे." तिने बांधलेला हात छातीवर ठेवला. "अल्ला तुमच्या तूतीला राखो."

बोलता येत नव्हतं, ते खरं. पण मान तर हलवता आली असती. नाही, ती हाक माझी नव्हती, एवढं मानेने सांगता आलं असतं. यदुल्लाने मान खाली घातली आणि तिच्या बुरख्याचं टोक डोळ्यांना लावलं. ती गेली. खेचरांच्या घंटा उतारावरून बराच वेळ ऐकू येत होत्या.

हमामाला सरकारने कुलूप ठोकलं. सफदरने गाव सोडलं. यदुल्ला खालच्या आळीत पोरांच्या हजामती करून दिवस काढू लागला, आणि कुणी समोर येऊन बसलं की आधी त्याच्या पायांकडे बघू लागला.

पुढच्या हिवाळ्यात पहिलं बर्फ पडलं तेव्हा दुपारची वेळ होती. तिघं जेवायला बसली होती. तूतीने भाकरीचा तुकडा मोडला आणि हात तसाच धरून ती थांबली. वरून, सर्वबागेतल्या कुलूपबंद हमामाकडून, स्पष्ट आवाज येत होता.

"खानुम, धावा! खानुम, धावा!"

बायकोच्या हातातला वाडगा कलंडला. तिने हळूच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. वीस वर्षं ती त्या आवाजाबरोबर नांदली होती, तिची ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं. यदुल्लाचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"बाबा," तूती म्हणाली, "तुम्ही तिकडून का ओरडताय?"